जनुकांवरचे सिनेमे: डायनासोर सगळ्यांनी पाहिले, गॅटाका कुणी पाहिला?

तापीकाठ (अमळनेर)

मी बी.एस्सी.च्या मुलांना जनुकशास्त्र शिकवते. वर्गात सिनेमाचा विषय निघाला की मुलं दोनच नावं घेतात, जुरासिक पार्क आणि क्रिश ३. दोन्ही त्यांना पाठ असतात. त्यात वाईट काही नाही, पण जनुकं म्हणजे डायनासोर आणि मानवर (क्रिश ३ मधले जनावर-माणसं) एवढंच डोक्यात बसतं आणि मला ते खटकतं.

या विषयावरच्या सिनेमांचे मला सरळ दोन भाग दिसतात. एका भागात कुणीतरी प्रयोगशाळेत काहीतरी बनवतं आणि ते हाताबाहेर जातं. जुरासिक पार्क (१९९३), स्प्लाइस (२००९), आपला क्रिश ३ (२०१३) हे सगळे त्यातले. दुसऱ्या भागात राक्षस नसतो. तिथे फक्त रक्त वाचलं जातं आणि वाचणारा तुमची पायरी ठरवतो. असे सिनेमे फार थोडे आहेत आणि त्यात गॅटाका (१९९७) सर्वांत वरचा. अँड्र्यू निकोल या दिग्दर्शकाचा हा पहिलाच सिनेमा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. व्हिन्सेंट जन्मल्याबरोबर त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतात आणि नर्स तिथल्या तिथे आकडे वाचून दाखवते. हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, आयुष्य अंदाजे ३०.२ वर्षं. बापाने मुलाला स्वतःचं नाव द्यायचं ठरवलेलं असतं. आकडे ऐकल्यावर तो ते नाव मागे घेतो आणि पुढे दुसऱ्या, निवडून जन्माला घातलेल्या मुलाला देतो. विमा मिळणार नाही म्हणून बालवाडी व्हिन्सेंटला घेत नाही. मोठेपणी ज्या संस्थेतून त्याला अंतराळात जायचं असतं, तिथे तो फरशी पुसतो. तिथली नोकरीची मुलाखत म्हणजे लघवीची तपासणी, एक प्रश्नसुद्धा विचारत नाहीत. असा भेदभाव करू नये असा कायदा त्या जगात आहे, पण तो कुणी मनावर घेत नाही. मग व्हिन्सेंट जेरोम नावाच्या, अपघातात पाय गेलेल्या 'उत्तम' जनुकांच्या माणसाचं रक्त बोटाच्या टोकाला चिकटवून आत शिरतो.

पहिल्यांदा पाहताना मला अमेरिका आठवली नाही, आपला भाग आठवला. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. रक्ताच्या एका अहवालावरून मुलीकडे बघण्याची नजर बदलते, हे आपण जवळून पाहतो. आणि रक्तावरून माणसाची पायरी ठरवणं आपल्या समाजाला कुणी शिकवावं लागलेलं नाही. म्हणून मला वाटतं, आपल्यासाठी पहिल्या भागातल्या सिनेमांपेक्षा दुसऱ्या भागातले जास्त मोलाचे आहेत.

तुम्ही काय काय पाहिलंय? आणि पाहताना कोणता सिनेमा आपल्याकडचा वाटला?

भुसावळ_जंक्शन

ताई, विषय उत्तम. पण जुरासिक पार्कला इतक्या लवकर बाजूला सारू नका.

मायकेल क्रायटनची कादंबरी १९९० ची, स्पीलबर्गचा सिनेमा १९९३ चा आणि आपल्याकडे तो १९९४ मध्ये हिंदीत आला. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी डीएनए हा शब्द पहिल्यांदा त्या अंधारात ऐकला. त्यातलं छोटं कार्टून आठवा. राळेत अडकलेला डास, डासाच्या पोटातलं रक्त, रक्तातला तुटका डीएनए आणि मधल्या गाळलेल्या जागा भरायला बेडकाचा डीएनए. शास्त्र म्हणून हे टिकत नाही. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की त्या हाडांत डीएनएचे निम्मे दुवे साधारण ५२१ वर्षांत तुटतात. आजवर वाचला गेलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडमधला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा. डायनासोर संपले त्याला ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. म्हणजे तो डास कितीही छान जपला गेला असला तरी त्याच्या पोटात वाचण्यासारखं काही उरलेलं नसणार.

पण सिनेमाचा जीव त्या डासात नाहीच. सगळ्या माद्याच ठेवल्या म्हणून आपण सुरक्षित, अशी त्यांची खात्री असते. भरलेला बेडकाचा तुकडाच ती खात्री मोडतो आणि माद्यांतून नर तयार होतात. एक तुकडा बदलला तर तो तेवढंच एक काम करेल, हा जो आपला भ्रम असतो, तो यापेक्षा सोप्या रीतीने कुणी दाखवलाय असं मला वाटत नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने 'डायर वुल्फ परत आणला' म्हणून जाहीर केलं, तेव्हा मी हाच सिनेमा परत लावला. तिथे राखाडी लांडग्याच्या १४ जनुकांत २० बदल केले होते. जन्मले ते बदललेले लांडगेच, पण बातमीत ते डायर वुल्फ झाले.

जाता जाता, डायनासोर म्हणजे अमेरिकाच असंही नाही. राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव २००३ मध्ये ठेवलं गेलं ते गुजरातेत सापडलेल्या हाडांवरून आणि त्या नावातली नर्मदा आपल्या नंदुरबारच्या उत्तरेच्या शिवेवरून वाहते. शाळेतल्या पोरांना हे सांगा, डोळे कसे मोठे होतात बघा.

ब्लेड रनर (१९८२) सुद्धा या धाग्यात हवा. लोक त्यातल्या रेप्लिकंटांना रोबो समजतात, पण ते जनुकं घडवून केलेले जिवंत देह आहेत, चार वर्षांच्या आयुष्याचे. त्यातला रॉय आपल्या निर्मात्याकडे जाऊन आयुष्य वाढवून मागतो आणि दोघे चक्क ईएमएस या रसायनाबद्दल बोलतात. हे रसायन खरं आहे. पिकांच्या बियाण्यात उत्परिवर्तन घडवायला ते वापरतात. एवढा अभ्यास करून लिहिलेला संवाद या प्रकारच्या सिनेमात क्वचित सापडतो.

खान्देशी_भो

ताई, भारी विषय काढा तुम्ही. जुरासिक पार्क मी सारंगखेडानी यात्रामा तंबूमा दखेल शे. हाऊ गॅटाका माले दखना शे, पन इंग्रजी माले जमत नही. कोनी मराठीमा समजाडी सांगी का?

रावेरकर

क्लोन या विषयावर बोलायचा हक्क आमच्या रावेर-यावलला नाही तर कुणाला!

आपण खातो त्या केळीला बी नसतं, कारण तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात आणि बी धरतच नाही. म्हणून केळी पूर्वीपासून कंदावरच लावतात. माझ्या आजोबांच्या वेळी बसराई होती, पुढे श्रीमंती, महालक्ष्मी आली आणि आता जिकडे बघावं तिकडे टिश्यूकल्चरची ग्रँड नैन, म्हणजे आमची जी-९. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली, एकाच रोपाची हुबेहूब लेकरं. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. जिल्ह्याचं पोट ज्या पिकावर चालतं ते पीक म्हणजे हजारो हेक्टरवर उभा असलेला क्लोन आहे.

म्हणून क्लोनचे सिनेमे मी बारकाईने बघतो. बहुतेकांत क्लोन म्हणजे झेरॉक्स. तोच चेहरा, तेच मन, तीच वाईट खोड. शेतात तसं नसतं. एकाच ट्रेमधली रोपं एका शेतात लावली तरी ज्या कोपऱ्यात ड्रीपची नळी तुंबली तिथला घड हलका भरतो. जनुक तेच, पाणी वेगळं, थंडीचा मार वेगळा.

हे सर्वांत चांगलं ओळखलं ते मला वाटतं १९७८ च्या द बॉईज फ्रॉम ब्राझील ने. त्यात नाझी डॉक्टर मेंगेले हिटलरचे ९४ क्लोन तयार करून वेगवेगळ्या देशांत दत्तक देतो. पण त्याला माहीत असतं की नुसतं रक्त पुरणार नाही. हिटलरचा बाप सरकारी नोकर होता आणि ६५ व्या वर्षी वारला, म्हणून घरंही तशीच निवडलेली असतात आणि त्या दत्तक बापांना त्याच वयात मारायचा कट असतो. भयानक कथा आहे, पण जनुक म्हणजे नशीब नाही हे खलनायकाच्या तोंडून कळतं.

द आयलंड (२००५) मध्ये धावपळच जास्त. नेव्हर लेट मी गो (२०१०) बघा. अवयवांसाठी वाढवलेली मुलं शाळेत जातात, चित्रं काढतात, प्रेम करतात आणि कुणी पळून जात नाही. मला तो दोनदा सलग बघवला नाही.

क्लोनचा खरा धोका मात्र एकाही सिनेमात आला नाही आणि तो आम्हाला रोज झोपू देत नाही. सगळं पीक एकसारखं असेल तर एक रोग सगळ्यांना एकदम पुरतो. जगभर निर्यात होणारी ग्रो मिशेल नावाची केळी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा रोगाने बाजारातून गेली, म्हणून तर ही कॅव्हेंडिश गटातली जी-९ आली. आता त्याच रोगाची टीआर-४ ही नवी जात कॅव्हेंडिशलाही धरते आणि ती बिहार, उत्तर प्रदेशात सापडलेली आहे. आमच्याकडे सीएमव्ही या विषाणूच्या रोगामुळे उपटून फेकलेल्या बागा ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. बाहेरगावची रोपं, कंद, कुणाच्या बुटाला लागलेली माती, सगळ्याची भीती वाटते. यावर कुणीतरी सिनेमा करा. त्यात राक्षस लागणार नाही.

भुसावळ_जंक्शन

रावेरकर दादा, बॉईज फ्रॉम ब्राझीलबद्दलचं निरीक्षण फार आवडलं. त्या वेळी डॉली मेंढी जन्मायला अजून अठरा वर्षं होती. ती १९९६ ची. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ मध्ये म्हशीची क्लोन पारडी जन्मली, याचीही नोंद इथे असावी.

पारोळेकर

मी कापसाच्या बाजूने बोलतो.

जनुक बदललेली वस्तू खान्देशात येऊन बरीच वर्षं झाली. बीटी कपाशीला २६ मार्च २००२ ला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं, त्यामुळे झाडातच असं प्रथिन तयार होतं की बोंडअळी पान खाते आणि मरते. २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. पहिली काही वर्षं फवारण्या खरंच घटल्या, हे मी माझ्या शिवारात पाहिलं आहे. ज्यांनी एकाच हंगामात पंपाने पाठ मोडून घेतली होती त्यांना त्याची किंमत माहीत आहे. त्यामुळे 'जनुक बदल म्हणजे विष' असं कुणी म्हणालं की मला पटत नाही.

पण मग गुलाबी बोंडअळी आली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने जे केलं ते सगळ्यांना आठवत असेल. बाहेरून बोंड हिरवंगार आणि फोडलं की आत अळी आणि किडकी सरकी. दोन्ही जनुकांना ती पुरून उरली. जुरासिक पार्कमधला गणितज्ञ बजावत असतो की जीव कशीही वाट काढतोच, ते आमच्या बोंडात घडलं.

हे का घडलं तेही सांगायला हवं. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं नॉन-बीटी बियाणं मिळायचं, रेफ्युजी म्हणायचे त्याला. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे साध्या झाडांवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. अळीसाठी जमीन कोण सोडणार? बहुतेकांनी ते पाकीट लावलंच नाही. वर मे महिन्यातली लवकरची लागवड आणि जानेवारीनंतर फरदड ठेवायची, म्हणजे जुनी कपाशी शेतात तशीच उभी ठेवायची सवय, म्हणजे अळीला बारा महिने जेवण. जनुकशास्त्राचा इतका सरळ धडा शेतात पडला होता आणि तो शेतकऱ्याला पेरणीआधी त्याच्या भाषेत कुणी नीट समजावला नाही, याचा मला आजही राग येतो.

सिनेमांपैकी ओकजा (२०१७) मला आपला वाटला. कोरियन दिग्दर्शक बोंग जून-हो. मिरांडो नावाची कंपनी जगाला सांगते की हा प्रचंड डुक्कर चिलीच्या एका शेतावर सापडला, नैसर्गिक आहे. २६ देशांतल्या २६ शेतकऱ्यांना पिल्लं देते आणि दहा वर्षांनी स्पर्धा ठेवते. खरं म्हणजे तो प्रयोगशाळेत बनवलेला असतो. कोरियातल्या डोंगरातली मीजा नावाची पोर त्याला घरचं जनावर म्हणून वाढवते आणि एक दिवस कंपनी न्यायला येते. ज्याने पोटच्या पोरासारखा वाढवलेला बैल बाजारात विकलाय त्याला ती पोर परकी वाटणार नाही.

जनुक बदललं यापेक्षा ते लपवलं याचा राग मला त्यात दिसला. आमच्याकडे चोर बीटी आलं तेव्हा हेच झालं. तणनाशक सहन करणाऱ्या त्या बियाण्याला परवानगी नाही, पण निंदणीला मजूर मिळत नाही म्हणून लोक घेतात. जून २०१९ मध्ये अकोटकडे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सत्याग्रहही केला. बिल नाही, पाकिटावर नाव नाही, उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार? मला बियाणं हवंय की नको हा निर्णय माझा असू दे, पण पाकिटात काय आहे ते मला कळलं पाहिजे.

धुळेकरीण

पारोळेकर भाऊ, शेवटचं वाक्य फार मोलाचं लिहिलंत. मी गॅटाकाकडे परत वळते, कारण त्यातल्या एका प्रसंगावर आपल्या जळगाव-धुळ्याने थांबायलाच हवं.

व्हिन्सेंटचे आईबाप दुसऱ्या मुलासाठी तज्ज्ञाकडे जातात. तिथे चार भ्रूण तयार आहेत, दोन मुलगे, दोन मुली, सगळे निरोगी. डोळ्यांचा रंग, केसांचा रंग आणि गोरी कातडी आधीच ठरवून दिलेली आहे. मग मुलगा निवडला जातो, व्हिन्सेंटला खेळायला भाऊ हवा म्हणून. बोलणं इतकं गोड आणि समंजस आहे की उरलेल्या दोन मुलींचं काय झालं हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनातही येत नाही. माझ्या मनात मात्र तोच प्रश्न आला आणि पुढची दहा मिनिटं काय चाललंय ते मला कळलं नाही.

आपल्याकडे हे करायला जनुकशास्त्र लागलं नाही, सोनोग्राफी पुरली. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४ चा आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेआधीची निवडही त्यात आली. तरी २०११ च्या जनगणनेत लहान मुलींचं प्रमाण फार कमी असलेल्या जिल्ह्यांत आपलं जळगाव होतंच. जिथे निवडायची सोय मिळाली तिथे माणसांनी काय निवडलं, हे आपल्याला सिनेमा बघून शिकायचं नाही. उद्या याच सोयीत रंग आणि उंची आली तर काय होईल, ते लग्नाच्या जाहिराती वाचल्या तरी कळतं.

दुसरा सिनेमा सांगते, लॉरेंझोज ऑइल (१९९२). खरी गोष्ट आहे. लॉरेंझो ओडोने या लहान मुलाला एएलडी नावाचा आजार होतो, मेंदूतल्या नसांवरचं आवरण खाणारा. वैद्यकशास्त्राने हात टेकल्यावर आईबाप स्वतः ग्रंथालयात बसून जीवरसायनशास्त्र शिकतात आणि एक तेल शोधतात. पुढे अभ्यासांत दिसलं की ज्यांना लक्षणं सुरू झाली त्यांना ते तेल बरं करत नाही, लक्षणांआधी दिलं तर काही मुलांना उपयोग होऊ शकतो. सिनेमा तेवढं सांगत नाही, जास्त आशा देतो. लॉरेंझो मात्र डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त जगला, ३० वर्षं पूर्ण करून २००८ मध्ये गेला.

मला त्यातला जो भाग लागला तो वेगळा. हा आजार एक्स गुणसूत्रावरून, आईकडून मुलाकडे येतो. ते कळल्यावर त्या आईचा चेहरा बघा. माझ्या भाच्याला हिमोफिलिया आहे, रक्त नीट न गोठण्याचा आजार, तोही तसाच येणारा. माझ्या बहिणीने सासरी काय काय ऐकलं ते इथे लिहिणार नाही. आणि हिमोफिलियाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो आधी कुणालाच नसतो, बदल नव्याने झालेला असतो. हे एक वाक्य कुणी डॉक्टरांनी तिच्या सासूला समोर बसवून सांगितलं असतं तर तिची काही वर्षं सुखाची गेली असती.

पा (२००९) मधला प्रोजेरिया, लहानपणीच म्हातारपण आणणारा आजार, तोही असाच, जवळपास नेहमी नव्याने झालेल्या बदलाने होणारा. त्याचं जनुक २००३ मध्ये सापडलं. त्या सिनेमात आईला कुणी दोष देत नाही, एवढ्यासाठी मला तो आवडतो.

अक्राणी

मी पावरा आहे, धडगाव तालुक्यातला. माझा अहवाल एएस आहे, म्हणजे सिकल सेलचा वाहक, आईबापांपैकी एकाकडूनच ते जनुक आलेला. गॅटाका मी नाशिकला शिकत असताना होस्टेलवर पाहिला.

तापीकाठ ताई, सिनेमा मला आवडला, पण तुमच्या एका म्हणण्याशी मी सहमत नाही. तुम्हाला रक्त वाचलं जाण्याची भीती वाटते. आमच्या डोंगरात रक्त वाचलंच गेलं नाही म्हणून माणसं गेली.

माझी चुलत बहीण एसएस आहे, म्हणजे दोघांकडूनही ते जनुक आलेलं, तिला आजारच आहे. लहानपणापासून सांधे दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे, मधूनच ताप. बडव्याकडे, म्हणजे आमच्या भगताकडे नेलं, मोलगीच्या बाजारातल्या डॉक्टरकडे नेलं, सुया टोचून झाल्या. घरचे ऊसतोडीला गुजरातेत गेले की ती तिथे हमखास आजारी पडायची. उन्हात काम, पाणी कमी, रात्रीची थंडी. आता आम्हाला माहीत आहे की याच गोष्टींनी दुखणं उसळतं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि पुढे रक्त जात नाही. निदान झाल्यावर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू झालं, भरपूर पाणी प्यायचं कळलं आणि ती आज शिवणकाम करते. तो थेंब दहा वर्षं आधी कुणी घेतला असता तर?

माझ्या वडिलांना एवढंच समजावायला मला फार वेळ लागला की नवरा-बायको दोघे एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता एसएसची असते. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं. दर वेळी हिशेब पहिल्यापासून. हे आमच्या भाषेत सांगणारा एकही सिनेमा, एकही चित्रफीत मी लहानपणी पाहिली नाही.

अजून एक. गॅटाकात जनुकाला सरळ चांगलं किंवा वाईट म्हणतात. आमचं जनुक तसं नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदललं आहे, ए च्या जागी टी, एवढंच. ते एकाकडूनच आलं तर माणूस आजारी नसतो, उलट मलेरियाच्या जिवघेण्या रूपापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. जिथे मलेरिया होता त्या जंगलांत ते टिकलं ते म्हणूनच. माझ्या पूर्वजांपैकी कितीजण त्यामुळे वाचले असतील. मी माझं रक्त वाईट आहे असं म्हणणार नाही आणि माझ्या मुलांनाही म्हणू देणार नाही.

मायक्रोस्कोप (नंदुरबार जिल्हा)

अक्राणी दादांचं वाचून लिहायला बसलो. मी रक्ततपासणीचंच काम करतो.

आम्ही बोटातून रक्त घेऊन आधी सोल्युबिलिटी चाचणी करतो. नळीतलं द्रावण गढूळ झालं आणि मागच्या रेषा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण त्यावरून एएस की एसएस हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते. गावात पहिली चाचणी झाली की लोक लगेच "हिला सिकल आहे" म्हणू लागतात, दुसरा अहवाल यायच्या आत. हा मधला काळ सर्वांत वाईट. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. काम मोठं आहे आणि व्हायलाच हवं.

तरी तापीकाठ ताईंची भीतीही मी सोडून देणार नाही. एका शिबिरात पॉझिटिव्ह मुलांची नावं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली. त्यातली एक मुलगी पुढच्या तपासणीला आलीच नाही.

आणि व्हिन्सेंटची गोष्ट कल्पनेतली समजू नका. सत्तरच्या दशकात अमेरिकेत सिकल सेलची तपासणी जोरात झाली. वाहक असलेल्या, पूर्ण निरोगी कृष्णवर्णीय लोकांना नोकऱ्या आणि विमा नाकारले गेले. अमेरिकेची एअर फोर्स अकॅडमी वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश देत नव्हती. म्हणजे गॅटाका येण्याच्या सोळा वर्षं आधीपर्यंत रक्ताच्या एका अक्षरावरून आकाश बंद होत होतं, त्याच जनुकावरून जे अक्राणी दादांच्या अंगात आहे. तिथला जनुकीय भेदभावाविरुद्धचा कायदा २००८ मध्ये आला. आपल्याकडे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विम्यातून जनुकीय आजार सरसकट वगळण्याच्या अटीविरुद्ध निकाल दिला.

क्रिस्परबद्दलही, म्हणजे जनुक कापून बदलायच्या तंत्राबद्दलही विचारतात लोक. हो, सिकल सेलवर क्रिस्परचा उपचार २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुक संशोधन संस्थेत स्वस्त उपचारासाठी काम चालू आहे. पण रुग्णाने कुठे पाहिलं की चीनमधल्या संशोधकाने २०१८ मध्ये भ्रूणांची जनुकं बदलली आणि तुरुंगात गेला, की तो मला विचारतो, "म्हणजे ते उपचार बेकायदा ना?" दोन्ही वेगळे आहेत. सिकल सेलच्या उपचारात त्या माणसाच्याच रक्ताच्या मूळपेशी बदलतात, ते मुलाबाळांत जात नाही. भ्रूणात बदललं तर पुढच्या पिढ्यांत जातं. एवढा फरक दाखवणारा दहा मिनिटांचा सिनेमा मिळाला तर मी तो प्रत्येक आश्रमशाळेत लावीन.

तापीकाठ (अमळनेर)

अक्राणी दादा, तुमच्या प्रतिसादानंतर मी तो टाचेच्या थेंबाचा प्रसंग परत पाहिला. त्यात थेंब घेतल्यावर अहवाल कुणाकुणाकडे जातो ते आता मोजत होते. बापाकडे, बालवाडीकडे, विमावाल्याकडे, मालकाकडे, पोलिसाकडे. व्हिन्सेंटने स्वतः तो कधी मागितलेला नाही. तुमच्या बहिणीला जो थेंब वेळेवर हवा होता त्याचा अहवाल तिच्या हातात यायला हवा होता, पाणी किती प्यायचं, उसाला जायचं की नाही हे ठरवायला. मायक्रोस्कोप दादांच्या शिबिरातल्या मुलीचा अहवाल दुसऱ्यांच्या कानांवर गेला. मला वर्गात यापुढे हेच मांडायचं आहे: तपासणी भरपूर होऊ दे, पण कागद ज्याचा त्याच्या हातात.

सिनेमाच्या शेवटी तो तपासणीचा डॉक्टर व्हिन्सेंटला ओळखतो आणि तरी जाऊ देतो. त्याचा स्वतःचा मुलगा ठरवल्याप्रमाणे निघालेला नसतो, म्हणून त्याला हे कळतं. तपासणाऱ्या माणसाकडे काय हवं ते त्या एका मिनिटात आहे.

खान्देशी भो, इंग्रजीची चिंता करू नका. दिवाळीनंतर मी वर्गात हे दोन प्रसंग आणि धुळेकरीण ताईंनी सांगितलेला चार भ्रूणांचा प्रसंग दाखवणार आहे, मध्ये थांबवून मराठीत सांगत. तुम्ही अवश्य या. पारोळेकर भाऊ, त्याच आठवड्यात बोंडअळी आणि रेफ्युजीवर बोलाल का? मुलं बहुतेक कापूसवाल्यांचीच आहेत.

पारोळेकर

येतो. गेल्या हंगामातली किडकी बोंडं ठेवलीत, घेऊन येतो. मुलांना हाताने फोडू द्या.

अक्राणी

ताई, हे पटलं. कागद ज्याचा त्याच्या हातात, पण कागद वाचताही आला पाहिजे. एएस, एसएसचे चौकोन असलेला तुमचा तक्ता मला पाठवा, त्यात इंग्रजी अक्षरांऐवजी दोन रंग घाला. मी धडगावच्या वसतिगृहात पावरीत समजावतो. देज, म्हणजे लग्नात मुलीच्या घरी द्यायची रक्कम, ठरल्यावर तपासणीला कुणी येत नाही, म्हणून अकरावी-बारावीच्या मुलामुलींपासून सुरुवात करू. मायक्रोस्कोप दादा, त्या दिवशी तुम्ही किट घेऊन याल का? नावं कुणी वाचणार नाही, एकेकाला आत बोलवायचं.

मायक्रोस्कोप (नंदुरबार जिल्हा)

येतो. कार्यालयाची परवानगी काढतो. आत बसायला वेगळी खोली आणि बाहेर पिण्याचं पाणी, एवढं बघून ठेवा.

खान्देशी_भो

ताई, अमळनेरले मी येस. तारीख कव्हय शे ते आठेच लिखी द्या.